चाळीस जणांना दिसलेला शनी

चपला काढा असं कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. पण पहिल्या माणसाने वेधशाळेच्या पायरीवर चपला काढल्या, मागच्याने त्या पाहिल्या, आणि साडेसात वाजेपर्यंत घुमटाच्या दारात देवळासारखा ढीग झाला. एका बाईने तर रुईच्या पानांची माळ आणली होती. कुठे घालायची म्हणून ती मला विचारू लागली. मी म्हटलं, मावशी, आत देव नाही, दुर्बीण आहे. त्यावर ती म्हणाली की आज शनिवार, दाखवणार शनी, मग देव नाही असं कसं. माळ घेऊन मी दाराच्या कडीला अडकवली.

दाराशी उभं राहणं हे माझंच काम होतं. वऱ्हाडातलं आमचं तालुक्याचं गाव, गावाला एक कॉलेज, कॉलेजमागे टेकडी आणि टेकडीवर पत्र्याचा फिरता घुमट. त्यात सहा इंची दुर्बीण. वझलवारसरांनी तरुणपणी संस्थेच्या मागे लागून, लोकांच्या दारोदार फिरून ती उभी केली होती. महिन्यातल्या एका शनिवारी गावातल्या कुणीही यावं आणि आकाश पाहावं, हा त्यांचाच नियम. मी कॉलेजात प्रयोगशाळा परिचर. म्हणजे नवरा होता परिचर. तो गेल्यावर त्याच्या जागेवर मला घेतलं. दहावी पास होते. पहिलं वर्ष घुमट झाडला, दुर्बिणीवरचं कापड धुतलं, रांग लावली. मग सरांनी मला आकाश वाचायला लावलं.

वाचायलाच लावलं म्हणते, कारण ते शिकवत नसत. दुर्बीण लावायची, बाजूला व्हायचं आणि म्हणायचं, "सिंधू, काय दिसतं ते सांग. नीट सांग." मी म्हणायची, ठिपका आहे. "कुठल्या रंगाचा? एकच की दोन? शेजारी काय आहे?" असं ते खोदून खोदून विचारत. पुस्तकंही तशीच. चष्मा घरी राहिला, तू वाच. मी अडखळत वाचायची, ते डोळे मिटून ऐकायचे. असे दोन उन्हाळे, दोन हिवाळे गेल्यावर मला अंधारात घुमट कुठल्या बाजूला किती फिरवायचा ते हाताला कळायला लागलं. घरी पोळ्या लाटतानाही मी मनात राशी मोजत असे. सासूबाई म्हणत, हिचं लक्ष कुठे असतं देव जाणे. देवाला नसेल, पण सरांना माहीत होतं.

त्या एप्रिलच्या तीस तारखेला सर निवृत्त होणार होते. दुर्बिणीशेजारच्या खुर्चीवर त्यांच्यानंतर कोण बसणार, हा प्रश्न होता. संस्थेचे अध्यक्ष नानासाहेब गुल्हाने म्हणाले, प्राध्यापक मोहोड बसतील. सर म्हणाले, सिंधू बसेल. नानासाहेबांना आधी ती थट्टा वाटली. मग दोघांचं बरंच वाजलं. शेवटी असं ठरलं की एप्रिलच्या आकाशदर्शनाचा पहिला अर्धा भाग सर सांभाळतील आणि दुसरा मी, सगळ्यांच्या देखत. नीट झालं तर तसं पत्र निघेल. सरांनी मला हे सांगितलं तेव्हा मी फक्त बरं म्हटलं. घरी जाऊन मात्र कपाटातली एकुलती एक इस्त्रीची साडी काढून ठेवली. खुर्चीवर कुठली साडी नेसून बसावं याचा इतका विचार मी लग्नातसुद्धा केला नव्हता.

तर ती ही रात्र. रात्र कसली, संध्याकाळच. पावणेआठला अंधार पडला होता इतकंच. त्या वर्षी शनी सिंह राशीत होता, मघा या ताऱ्याच्या अगदी शेजारी. हात लांब करून दोन बोटं धरावीत इतकंच अंतर दोघांत. नुसत्या डोळ्यांना जवळजवळ ठेवलेल्या दोन पणत्यांसारखे दिसायचे. शनी पिवळसर, मघा निळसर पांढरी. सरांनी मोठ्या दुर्बिणीच्या पाठीवरच्या छोट्या दुर्बिणीला डोळा लावला, दांडा सरकवला, पेच आवळला, मोटर सुरू केली. ही मोटर आकाशाबरोबर दुर्बीण हळूहळू फिरवत नेते, म्हणून एकदा लावलेला ग्रह तासभर समोरून हलत नाही. "लागला. सोड रांग," सर म्हणाले.

पहिला मान नानासाहेबांचा. त्यांनी डोळा लावला, उतरले, बाहेर जाऊन माइकवर सांगितलं की शनीचं कडं अगदी स्पष्ट दिसतं, सोन्याच्या बांगडीसारखं, आणि आपल्या संस्थेची ही दुर्बीण विदर्भात नावाजलेली आहे. टाळ्या वाजल्या. मग रांग सुरू झाली. स्टुलावर चढायचं, काचेला डोळा लावायचा, सर विचारणार "दिसला?", माणूस म्हणणार "दिसला", आणि उतरायचं. वीसेक सेकंदात एक माणूस. मी दारात उभी राहून एकाला सोडत होते, एकाला बाहेर काढत होते. बाहेर येणारा प्रत्येक जण खूश होता. निवृत्त हेडमास्तर काळमेघ गुरुजींनी तर कट्ट्यावर बसून पोरीबाळींना कडं कसं तिरकं आहे, त्याची सावली कशी पडली आहे, हे हाताने काढून दाखवलं.

चाळिसेक माणसं झाल्यावर सर उठले. माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "ये. बस." आणि भिंतीला हात लावत बाहेर गेले, चहा प्यायला.

खुर्चीवर बसणाऱ्याने आधी स्वतः डोळा लावून पाहायचं, हा आमच्या घुमटातला नियमच होता. सरांनीच घालून दिलेला. मी खुर्चीवर बसले, वाकलेही, आणि मग वाटलं, सरांनी लावलेलं आपण तपासायचं? आजच्या दिवशी, एवढ्या लोकांसमोर? दारात मोहोडसर उभे, मागे नानासाहेब. मी मागे सरले आणि पुढच्या माणसाला हात केला. एवढी माझी चूक. ती मी आजवर कुणाला नीट सांगितलेली नाही.

दोन माणसं आली, दिसला म्हणून गेली. तिसरी अनसाबाई. बसस्टँडवर फुटाणे-मुरमुऱ्यांची गाडी लावायची. गावात तिला सगळे ओळखत. पासष्टीची, पण टेकडी काठीशिवाय चढून आली होती. स्टुलावर चढली, पदर खोचला, डोळा लावला. मी सरांसारखंच विचारलं, "दिसला?"

"नाही," अनसाबाई म्हणाली.

मी म्हटलं, डावा डोळा मिटा. तिने मिटला. म्हटलं, काचेला चिकटू नका, जरा अंतर ठेवा. तिने ठेवलं. मागून कुणी तरी म्हणालं, अवो माय, दिसला म्हना अन् उतरा खाली.

अनसाबाईने मान वळवली. "तुले दिसला का?"

"माहा नंबर कुठं आला अजून."

"मंग गप राह्य." आणि मग मला, आवाज खाली आणून, "बाई, याच्यात कडं-बिडं काही नाही. हा नुस्ता दिवा आहे. साडेसात वर्षं त्यानं मले रडवलं. घरधनी नेला, गाडी जळली, पोरगी माघारी आली. त्याचं तोंड तं पाहू एकदा, म्हणून चढून आली मी एवढ्या वर. हा तो नाही."

मी तिला स्टुलावरच जरा बाजूला सरकवलं आणि डोळा लावला.

मघा. निळसर पांढरी, एकटी, धारदार. ओळखायला क्षणही लागला नाही. सरांनीच तर तिचा रंग माझ्याकडून दहा वेळा वदवून घेतला होता.

त्या दोन-तीन श्वासांत माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते आजही क्रमाने आठवतं. पहिलं हे की सर चुकले. ते कधी चुकत नसत, म्हणून आधी मला माझाच डोळा खोटा वाटला. निवृत्तीच्या गडबडीत घाईने लावलं असेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं. दुसरं, चाळीस माणसांनी दिसला म्हटलं आणि कुणालाच दिसला नव्हता. सोन्याची बांगडी नाही, सावली नाही, काही नाही. मागे रांग उभी आहे, पुढे प्राध्यापक बसला आहे, आपल्याला दिसलं नाही म्हणजे आपल्यातच खोट, असं प्रत्येकाला वाटलं असणार. आणि तिसरं हे की दांडा दोन बोटं सरकवला की झालं. अनसाबाईला म्हणायचं, आता पाहा. कुणाला काही कळणार नाही. चाळीस माणसं समाधानाने घरी जातील, सरांचा शेवटचा कार्यक्रम नीट पार पडेल, नानासाहेबांचं भाषण खरं ठरेल आणि पत्र निघेल.

मी दांडा सरकवला. शनी आला, कड्यासकट. बारीक, पिवळा, नीट कापलेला. दहा-वीस वेळा पाहिलेला असूनही मी नेहमीसारखी क्षणभर काचेशीच अडकले. आणि तेव्हाच मला बाहेर कट्ट्यावरून काळमेघ गुरुजींचा आवाज ऐकू आला. ते अजून सांगतच होते.

कडं न पाहिलेले हे लोक घरी जाऊन शनी पाहिला म्हणून सांगणार होते. उद्या त्यांच्यापैकी कुणी म्हणेल, त्यात काय विशेष, ठिपका तर असतो.

मी दारात आले. मी म्हटलं, "माफ करा. मघाशी रांग आत सोडताना माझा कोपर दुर्बिणीला लागला आणि शनी सरकला. नानासाहेबांनी पाहिला तेव्हा बरोबर होता. त्यानंतर कुणाला कुठवर दिसला ते मला सांगता येत नाही. ज्यांना पुन्हा पाहायचं असेल त्यांनी पुन्हा रांगेत या."

खोटं बोलायची मला सवय नाही, पण बोलले तेव्हा इतकं बेमालूम बोलले की माझं मलाच नवल वाटलं. कुणाचा अपमान झाला नाही. सरांचा नाही, नानासाहेबांचा नाही. चाळिसांतल्या प्रत्येकाला वाटून घेता येणार होतं की आपण पाहिलं तोवर ठीकच होतं.

मग काळमेघ गुरुजी कट्ट्यावरून उठले, चप्पल पुन्हा काढली आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. म्हणाले, मला तसा दिसला होता, पण पुन्हा पाहायला काय हरकत आहे. त्यांच्यामागे एकेक करून सगळेच आले. चाळीसच्या चाळीस. कुणी कुणाकडे पाहत नव्हतं.

पहिली मात्र अनसाबाई. तिला मी स्टुलावरून उतरूच दिलं नव्हतं. तिने डोळा लावला आणि खोचलेला पदर सोडून डोक्यावर घेतला. मग डोळा न काढताच हळू आवाजात, मला नव्हे, त्याला म्हणाली, "असा देखणा आहेस अन् कायले रे छळतोस लोकाले." उतरताना तिने पदराने डोळे टिपले आणि काच पुसायला पदर पुढे केला. मी तिचा हात धरला. दुर्बिणीची काच पदराने पुसत नाहीत. तिने माझाच हात थोपटला.

दुसऱ्यांदा पाहून बाहेर पडलेल्यांपैकी एकही माणूस छान म्हणाला नाही. स्पष्ट दिसला म्हणून कुणी सांगितलं नाही. ते आपले चपला शोधत उभे राहत, वर पाहत, पुन्हा आतल्या दुर्बिणीकडे पाहत. गुरुजी तर माझ्यासमोर येऊन थांबले, मान हलवली आणि टेकडी उतरून गेले.

सगळ्यांत शेवटी नानासाहेब आले. सहज आल्यासारखे. त्यांनी डोळा लावला, बराच वेळ लावला. उठले तेव्हा मी त्यांच्याकडे पाहायला नको होतं. पण पाहिलं. सोन्याच्या बांगडीचं भाषण आम्हा दोघांनाही आठवत होतं, आणि दोघांनाही कळत होतं की दुसऱ्याला आठवतं आहे. मी त्यांना वाचवलं होतं. तेच त्यांना मानवलं नाही, असं मला आता वाटतं.

मंडळी गेल्यावर त्यांनी मला, सरांना आणि मोहोडांना घुमटाबाहेर बोलावलं. म्हणाले की कोपर लागतो म्हणजे हाताला सवय नाही; यंत्र नाजूक, जबाबदारी मोठी; या बाईंनी दारावरचं काम उत्तम केलं आहे, तेच पुढे करावं. मोहोडसर मेपासून बघतील.

मी सरांकडे पाहिलं. खरं काय ते त्यांना कळलेलं होतं, याविषयी मला शंका नव्हती. दुर्बीण कुणी लावली हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? हातातला चहाचा कप ठेवायला ते कट्टा चाचपत राहिले आणि कप सापडेल त्या कडेवर ठेवून म्हणाले, "बरं."

टेकडी उतरताना त्यांनी माझा दंड धरला. खडी होती, टॉर्च माझ्याकडे होती. अर्ध्यावर आल्यावर विचारलं, "लोकांना शेवटी दिसला ना?"

"दिसला, सर."

त्यांना फाटकाशी सोडून मी घरी आले आणि कणीक अशी काही मळली की परातीच्या आवाजाने सासूबाई उठून आल्या. म्हणाल्या, कोणाचा राग आहे तो कोणावर काढतेस. मी म्हटलं, कोणाचाच नाही. खोटं बोलायची आता सवय झाली होती. माझा राग नानासाहेबांवर नव्हता. ते वागले ते त्यांच्या जागी ठीक. पण सरांनी एक शब्द बोलायला हवा होता. एवढं साधं वाक्य, लावलं मी होतं. ते त्यांना जमलं नाही. निरोपसमारंभात त्यांनी सगळ्यांचे आभार मानले, अगदी माळ्याचे आणि ग्रंथालयातल्या पोरांचेही, नावं घेऊन. माझं नाव आलं नाही. मी मागच्या रांगेत उभी राहून पेढ्यांची खोकी उघडत होते.

मे महिन्याच्या शनिवारी गर्दी दुप्पट होती. सुट्ट्या, पाहुणे, उकाडा. टेकडीवर निदान वारा तरी लागतो. मी दारात, मोहोडसर खुर्चीवर. माणूस वाईट नव्हता. दुर्बीण वेळेत लावायचा, फक्त पुन्हा पुन्हा घड्याळ पाहायचा.

आठ वाजता काकू दिसल्या, वझलवारकाकू, आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून चालणारे सर. मी चपलांचा ढीग ओलांडून पुढे गेले. म्हटलं, सर, थेट आत या. काकूंनी मान हलवली. म्हणाल्या, "यांना रांगेतच उभं राहायचं आहे म्हणतात. मी सांगून थकले."

पाऊण तास ते रांगेत उभे राहिले. मागेपुढे त्यांचेच विद्यार्थी, त्यांची मुलं. लोक वाट देत होते, सर हलत नव्हते. दारापाशी आल्यावर मी एकाला सोडावं तसं त्यांना आत सोडलं. माझा राग होताच अजून. तो मी हातातल्या टॉर्चसारखा घट्ट धरून ठेवला होता.

सर स्टुलावर चढले. काचेला डोळा लावला. मोहोडसरांनी अदबीने विचारलं, "दिसला ना, सर?"

"नाही," सर म्हणाले.

मोहोडसर पटकन उठले आणि काच फिरवायला लागले. सरांनी त्यांचा हात धरला. "तुमचं बरोबर आहे, मोहोड. दुर्बीण जागेवर आहे. मला दिसत नाही. दोन वर्षांपासून दिसत नाही." ते वर्गात बोलत तसं बोलत होते, शेवटच्या बाकापर्यंत जाईल असं. "डोळ्याच्या पडद्याला मधोमध डाग पडला आहे. ज्याच्याकडे सरळ पाहावं तेच नाहीसं होतं. कडेकडेचं दिसतं. आत्ता तुमचे कान दिसतात, तोंड दिसत नाही. ते कुणाला सांगायचं नव्हतं मला. दुर्बीण मी उभारली आणि मलाच दिसत नाही, हे कसं सांगायचं? मागच्या महिन्यात इथे शनीच्या जागी मघा लावून ठेवली ती मी. सिंधूचा कोपरबिपर काही लागला नव्हता. ती खोटं बोलली आणि मी तिला बोलू दिलं."

काकू दारात माझ्या शेजारीच होत्या. त्यांनी माझं मनगट धरलं होतं. मला त्यांचा स्पर्श कळत होता, पण मी तिथे नव्हते. मी मागच्या दोन हिवाळ्यांत होते, थंडीत काकडत काचेला डोळा लावून उभी. काय दिसतं ते सांग. नीट सांग. कुठल्या रंगाचा? शेजारी काय आहे? चष्मा घरी राहिला, तू वाच. ते मला शिकवताहेत, ही त्यांची शिकवण्याची तऱ्हा आहे, असं मी धरून चालले होते. सासूबाईंना, बहिणीला, शेजारणींना मी अभिमानाने सांगितलं होतं की सर माझी परीक्षा घेतात. परीक्षा कसली. मी सांगेन तेवढंच आकाश त्यांना उरलं होतं.

माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. गेला एवढं खरं.

"सिंधू," सरांनी हाक मारली. "इकडे ये. काय दिसतं ते सांग."

मी आत गेले. सर स्टुलावरून उतरले, त्याच्या काठाला धरून उभे राहिले. मी डोळा लावला. मागे शंभर माणसं होती, डोक्यावर वाऱ्याने पत्रा हलत होता.

मी सांगायला लागले. पिवळा आहे, सर, पिकलेल्या लिंबाएवढा पिवळा नाही, जरा फिकट. कडं बारीक झालं आहे, मागच्या वर्षीपेक्षा बारीक. डावीकडे एक ठिपका आहे, उजवीकडे लांब दुसरा. डावा मोठा, तो शनीचा चंद्र टायटन असावा. सर मान हलवत होते. डोळे मिटलेले. दोन वर्षं मी त्यांचा चेहरा अंधारात पाहिलाच नव्हता, काचेला चिकटलेली असायची. त्या दिवशी मात्र मधेच वर बघून पाहिला. लहान पोराला गोष्ट सांगताना त्याचा जसा होतो तसा झाला होता.

"कड्यातली काळी फट दिसते का?" त्यांनी विचारलं.

ती फट त्यांना फार आवडायची. चांगल्या हवेत, कडं पुरेसं कललेलं असताना, केसाएवढी रेघ दिसते. मी श्वास धरून पाहिलं. हो म्हणावंसं इतकं वाटलं की ओठांपर्यंत आलं. एवढ्या माणसांत हा म्हातारा एवढं कबूल करून उभा आहे, त्याला एक रेघ द्यायला काय जातं?

"नाही, सर. दिसत नाही."

"नीट पाहा."

"नीट पाहिलं. आज हवा हलते आहे. आणि कडंही फार मिटलेलं आहे. नाही दिसत."

सरांनी स्टुलाचा काठ सोडला. मग मोहोडसर जिथे असावेत त्या बाजूला वळून म्हणाले, "खुर्ची हिला द्या."

मोहोडसर उठले. नाराज झाले असं म्हणवत नाही; त्यांनी जाताना माझ्या हातातली टॉर्च घेतली आणि दारात जाऊन रांग लावायला सुरुवात केली, तीही माझ्यापेक्षा बरी लावली. खुर्ची मला दिल्याचं नानासाहेबांचं पत्र पुढे जुलैत आलं, जेव्हा महिनाभर आकाशच दिसत नाही. त्यात सरांचा, कोपराचा, कशाचाच उल्लेख नव्हता. मी ते घडी घालून ठेवून दिलं.

काकू सरांना घेऊन गेल्या. मी खुर्चीवर बसले. साडी त्या दिवशी रोजचीच होती, दारावर उभं राहायची. आधी स्वतः डोळा लावून पाहिलं. मग पुढच्या माणसाला हात केला. कुठल्या तरी गावाहून लेकीकडे आलेला जाडजूड गृहस्थ होता, स्टूल करकरलं. त्याने डोळा लावला, लगेच काढला आणि उतरायला लागला.

मी विचारलं, "काय दिसतं?"

तो थांबला. असं कुणी विचारेल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. माझ्याकडे पाहिलं, मागच्या रांगेकडे पाहिलं.

"थांबा जरा," तो म्हणाला, आणि पुन्हा वाकला.